नवरी पायापासून, नवरदेव छातीपासून

हे मले आत्ताच सांगावं लागते. चहा थंडा होऊन राह्यला, आई दोनदा आवाज देऊन गेली, पण आता उठली तं अर्धं डोक्यातून सांडून जाईन. अन् परवानगी बी आजच भेटली. ताई म्हणे, "लिही, पण आमचे नावं नको टाकजो." जिजाजी मागून म्हणे, "गावाचं टाकलं तं चालते. गावात लय लोकं राहतात." म्हणून गाव सांगते, नावं नाई.

मी पिपरी मेघेले राहते अन् वर्ध्याच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. कॉलेज बी चालू आहे, पण कॉलेजात मी फक्त हजेरी लावते, शिकते ते स्टुडिओत. तिथच्या मालकाले आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊनं पहिल्याच दिवशी मले खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला अन् धंद्याचा नियम सांगतला. "नवरी पायापासून, नवरदेव छातीपासून. एवढं पाठ कर, बाकी हळूहळू येते."

मले वाटलं गंमत करून राह्यले. नाई. खरंच तसंच असते, तुम्ही कोणताही व्हिडिओ लावून पाहा. आमच्याकडे तयार साचे राहतात. साचा म्हणजे एक रिकामा डब्बा समजा, आपण त्यात फक्त क्लिपा टाकाचे, मंग कॅमेरा खालून वर सरकणं, स्पीड कमी होणं, फुलाच्या पाकळ्या उडणं, म्युझिक, सोनेरी अक्षरं, सगळं आपोआप होते. दोन साचे सगळ्यात जास्त चालतात. एकाचं नाव 'दुल्हन एंट्री', दुसऱ्याचं 'दूल्हा एंट्री'. दुल्हनच्या साच्यात पह्यले पाय दिसतात, पैंजण, मंग साडीच्या निऱ्या, मंग कंबरपट्टा, मंग मेंदीचे हात, मंग मान, मंग नथ, अन् सगळ्यात शेवटी चेहरा. तोही खाली पाहणारा. हे सगळं अर्ध्या स्पीडनं, वरून गुलाबी धुकं. दूल्ह्याच्या साच्यात पह्यलेच छाती अन् चेहरा, कॅमेरा खाली ठेवलेला, म्हणून माणूस उंच दिसते, मागं आभाळ, ढोल, अन् मंग पूर्ण माणूस चालत येते, आजूबाजूले मित्र, गाडी, धूळ.

चार-पाच महिने हेच केल्यावर माह्या ध्यानात आलं की नवरी तुकड्यातुकड्यानं येते अन् नवरदेव अख्खा येते.

मी भाऊले विचारलं बी. म्हटलं, "भाऊ, सिनेमात तं हिरो पायापासून येते ना? गाडीचा दरवाजा उघडते अन् पाय खाली पडते."

भाऊ चहा पीत होते. म्हणे, "तो पाय नाई, बूट होय. बूट आदळते. नवरीचा पाय ठेवल्या जाते. फरक समज."

अन् फरक मले समजलाच ना. बूट आदळला की तुम्ही म्हणता, आता हा काहीतरी करीन. पैंजण वाजलं की तुम्ही म्हणता, आता हिले पाहू. एक जण करते, एक जण पाहाले ठेवली आहे. अजून एक गोष्ट सांगते, ही माह्या आवडीची आहे. नवरदेवाचा चेहरा दाखवला की त्याच्यामागं लगेच नवरी दाखवाची. म्हणजे तो पाहून राह्यला अन् आपण त्याच्या डोळ्यानं पाहून राह्यलो. उलटं कधीच नाई. नवरीचे डोळे दाखवले की त्याच्यामागं मेंदी नाईतर दिवा येते. ती कोणाकडे पाहते, तिले काय आवडलं, हे साच्यात बसतच नाई. तिले काही आवडू शकते हेच साचा बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं नसन.

पण खोटं काऊन बोलू, मले हे सगळं आवडाचं. पाकळ्या उडल्या की मी आजही स्क्रीनकडे पाहून हसते. लोकं स्टुडिओत येतात, आपली पोरगी अशी सजून दिसली की बाप डोळे पुसते, मंग आपल्यालेही बरं वाटते. नियम चुकीचा आहे असं मले कधी वाटलं नाई. ताईचं लग्न जुळेपर्यंत.

ताई म्हणजे माही मामेबहीण. हिंगणीले मामाजीचं भाजीचं वावर आहे. वांगे, टमाटर, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. ताईनं बारावीनंतर सगळं ते आपल्याच अंगावर घेतलं. पहाटे मेथी उपटाची, जुड्या बांधाच्या, मामाजीसोबत गाडी भराची. मजूर नाई आला तं स्वतः पाणी फिरवाचं. सोयरीक आली रोहण्याची, आर्वी तालुक्यातली. मुलगा घरची शेती पाहते अन् आर्वीले एका बी-बियाण्याच्या दुकानात बसते. शांत माणूस. पाहाले आला तवा त्यानं ताईले एकच प्रश्न विचारला, "वांग्यावर शेंडा अळी आली तं तुम्ही काय मारता?" ताईनं दहा मिनिटं उत्तर दिलं. तिथंच जमलं.

लग्नाचा व्हिडिओ मीच बनवणार म्हणून मी नाचून राह्यली होती. ताई ओट्यावर बसून जुड्या बांधत होती. म्हणे, "एक काम करजो. माह्या पायापासून नको घेजो."

"काऊन?"

तिनं चप्पल काढून टाच दाखवली. काळ्या भेगा, आत माती गेलेली, कायमची. म्हणे, "यात वांग्याचं रोप लावता येते. पार्लरवालीनं तीनदा घासलं, तिचा दगड झिजला."

मी हसली. ती नाई हसली. म्हणे, "मोठ्या टीव्हीवर लावतीन ते लोकं. सगळं गाव पाहाले येईन. कोणी काही बोललं नाई तरी मले समजीन ना ते काय पाहून राह्यले."

मी म्हटलं, "तुही शपथ. पाय दिसणार नाई."

लग्नाच्या आधी बोर धरणावर शूटिंग झालं. भाऊचा कॅमेरावाला ताईले म्हणे, "खाली पाहा. थोडं लाजा. पदर सोडा वाऱ्यावर." ताईले लाजता येतच नव्हतं, ती खाली पाहे अन् तिले गवतात काहीतरी दिसे. मंग तो जिजाजीले म्हणे, "हात बांधा, छाती पुढं, दूर पाहा."

"दूर काय पाहू?"

"काहीच नाई. फक्त दूर."

बिचारे दूर पाहत उभे. गॉगल घसरून राह्यला, घाम येऊन राह्यला. मी बाजूले एक छोटा कॅमेरा घेऊन उभी होती अन् मधल्या वेळातलं सगळं घेऊन राह्यली होती. दोन शॉटच्या मधात माणूस कसा राहते ते. जिजाजी ताईच्या चपला हातात धरून उभे. जिजाजी मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसून राह्यले. कॅमेरावाला काहीतरी बोलला त्याच्यावर खाली मान घालून हसून राह्यले. अन् ताई हात बांधून, पाय रोवून धरणाकडे पाहून राह्यली, जसं काही पाणी तिलेच सोडाचं आहे. ते क्लिपा मले इतके आवडले की मी ठरवलं, हेच वापरते.

आता चूक कशी झाली ते नीट ऐका, कारण सगळे मले म्हणतात, तुनं मुद्दाम केलं. मुद्दाम नाई केलं.

लग्नानंतर पहिल्या आखाडीत, म्हणजे आषाढात, नव्या नवरीले माहेरी आणतात. मामाजी, मामी रोहण्याले ताईले आणाले जाणार, त्याइच्यासोबत मी, अन् माह्यासोबत पेनड्राइव्ह. तिकडून निरोप आलता, व्हिडिओ घेऊनच या, सगळे वाट पाहून राह्यले. निघाच्या आदल्या दिवशी दुपारी मी एडिटिंगले बसली. दुल्हनच्या साच्यात ताईचे क्लिपा टाकले, तं तो साचा खालूनच सुरू होते. क्लिप कोणतीही टाका, तो तिचा खालचा भाग पकडते अन् वर सरकते. पाय आलेच. मी म्हटलं, शपथ घेतली आहे. मंग मी काय केलं, ताईचे क्लिपा उचलून दूल्ह्याच्या साच्यात टाकले, कारण तो चेहऱ्यापासून सुरू होते. म्हटलं, म्युझिक अन् ढोल मंग बदलवू. आता जिजाजीचे क्लिपा उरले. ते हातातल्या हातात दुल्हनच्या रिकाम्या साच्यात टाकून ठेवले. फक्त ठेवले. जसं आपण गॅस रिकामा नसला की भांडं खाली ठेवतो. मंग नवीन फाइल बनवली, त्यात ताईची एंट्री साच्याबिगर नीट केली, जिजाजीले दूल्ह्याच्या साच्यात टाकलं, अन् तिले नाव दिलं 'फायनल खरं'. जुनीचं नाव होतं 'फायनल'. भाऊ मागून म्हणे, "लाइट जाणार आहे, लवकर टाक." मी 'फायनल' टाकली.

पेनड्राइव्हवर चाललं का नाई ते पाह्यलं. सुरुवातीचे देवाचे फोटो दिसले, झालं समाधान. पेनड्राइव्ह खिशात टाकला.

रोहण्याले गेलो तं समोरच्या खोलीत सतरंजी टाकलेली. बाया खाली, माणसं खाटेवर अन् दरवाज्यात. जिजाजीचे मित्र खिडकीत. ताई डोक्यावर पदर घेऊन सासूच्या बाजूले बसली होती. दोन महिने झालते तिले त्या घरात. मले कानात म्हणे, "अजून इथं मले पाणी पिताना बी विचारावं वाटते." मंग म्हणे, "चांगला बनवला ना?" मी मान हालवली. तिचं त्या घरात नाव कसं पडते, हे त्या दिवशी माह्या पेनड्राइव्हवर ठरणार होतं, एवढं मले तवाच समजत होतं.

देवाचे फोटो झाले. मंग पैंजण वाजलं.

स्क्रीनवर जिजाजीची मोजडी. अर्ध्या स्पीडनं. गुलाबी धुकं. कॅमेरा हळूहळू वर सरकून राह्यला, धोतराच्या निऱ्या, शेला, मनगट, अन् वरून सोनेरी अक्षरं आली: 'दुल्हन रानी'.

मी चुकीची 'फायनल' आणली होती.

सगळे पाहतच राह्यले. मले वाटते सगळ्याइले वाटलं की हीच नवी फॅशन असन. मंग धरणावरचे क्लिपा आले. जिजाजी चपला धरून उभे, वरून पाकळ्या. जिजाजीची मान, घाम, कॅमेरा एकदम जवळ. मनगटानं कपाळ पुसणं, तं साच्यानं ते तीनदा दाखवलं, हळूहळू, सतारीवर. अन् शेवटी चेहरा, खाली पाहून हसणारा.

बाजूच्या घरच्या काकू पह्यले बोलल्या. "अवो माय, याच्या पापण्या पाहा. पोरीच्या बी इतक्या लांब नसतात."

दुसरी म्हणे, "मान पाहा. सुरईवाणी."

"आमचं लग्न झालं तवा आमच्या माणसाची मान कोणी पाह्यली?"

"त्याले मान होती कुठं? टोपी होती अन् खाली सदरा होता."

बाया हसाले लागल्या. हसणं वाईट नव्हतं, हे मी आजही सांगते. सिनेमा पाहताना माणसं शिट्टी मारतात, तसं ते पदरातलं हसणं होतं, फक्त बायाइचं. मले वाटते त्याइले पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं की पाहा, पाहून घ्या, पाहाले चालते.

मंग ढोल वाजले. ताई आली. चेहऱ्यापासून, खालून घेतलेली, मागं आभाळ, हात बांधलेले. सोनेरी अक्षरं: 'राजा की एंट्री'. ताई दूर पाहते, अन् तिच्यामागं लगेच जिजाजीची मान. परत ताईचे डोळे. परत जिजाजी. म्हणजे ताई पाहून राह्यली अन् सगळं रोहणा तिच्या डोळ्यानं तिच्या नवऱ्याले पाहून राह्यलं.

खिडकीतून एक मित्र म्हणे, "वहिनी, आता वरात तुम्हीच काढजा. याले घोड्यावर मागं बसवजा."

मित्राइनं दात काढले. एकाचा मोबाईल वर होता, तो शूट करून राह्यला होता.

ताईचे सासरे उठले. त्याइनं टीव्हीतून पेनड्राइव्ह ओढून काढला अन् मामाजीकडे पाह्यलं. "हे काय होय? आमच्या पोराची खिल्ली उडवाले आणलं का इतक्या लांबून?"

मामाजी भाजीवाला माणूस, गिऱ्हाइकानं वांगं किडकं म्हटलं तरी पह्यले माफी मागते. म्हणे, "नाई जी. पोरीची चूक झाली. मशीनची चूक झाली."

"मशीनले काय समजते पोट्टा कोण अन् पोट्टी कोण?"

खरं तं हेच उत्तर होतं. मशीनले नाईच समजत. तिनं पोट्टीचं जे करते तेच पोट्ट्याचं केलं, अन् पोट्ट्याचं केलं की सगळ्याइले खिल्ली दिसली. पण हे तिथं कोण बोलन. मी म्हटलं, "काका, चूक माही आहे. आठ दिवसात बरोबर करून देते." जिजाजी तवर उठून बाहेर गेले होते.

मी मागं गेली. ते गोठ्याजवळ उभे होते, गाईले उगाच चारा सारून राह्यले होते. मी म्हटलं, "जिजाजी, माफ करा."

"मुद्दाम केलं का?"

"नाई हो. साचा उलटा पडला."

"मंग ठीक आहे." परत चारा सारला अन् म्हणे, "खिडकीतल्या मित्राच्या मोबाईलातून ते काढाले लाव."

मी खिडकीतल्या त्या मित्राले सांगाले गेली. तो म्हणे, "वहिनीच्या बहिणीचं नाई ऐकावं कसं. पण ते तं ग्रुपवर गेलं."

परत येताना गाडीत मामीनं मले सोललं. "तुले एकच काम सांगतलं होतं. आता ते जन्मभर माह्या पोरीले टोमणे मारतीन. तो पोरगा घरात तोंड कसं वर करीन? नवऱ्याचा मान गेला तं बायकोचा काय राहते?" मी खिडकीतून बाहेर पाहत होती, रडू येऊन राह्यलं होतं. मामाजी ड्रायव्हरले कपाशीचं काहीतरी विचारून राह्यले होते, विषय बदलवाले. रोहणा लय मागं पडलं तवा ताई हळूच म्हणे, "ते हात बांधून उभी होती, ती मीच होय ना?"

"हाव."

"मी अशी उभी राहते?"

"रोज. वाफ्यावर."

मंग ती म्हणे, "मले वाटलं दुसरीच कोणी आहे. जिचं कोणी ऐकते अशी." मामीनं आमच्या दोघीकडे असं पाह्यलं की आम्ही पुढं बोललो नाई.

दुसऱ्या दिवशी भाऊले सांगतलं. मले वाटलं काढून टाकतीन. भाऊनं ती फाइल लावली, पूर्ण पाह्यली, ढोल वाजले तवा हसले, जिजाजीच्या मानेवर थांबवून स्क्रीनच्या जवळ गेले. म्हणे, "फोकस चांगला पकडला तुनं." मंग खुर्ची मागं सारून म्हणे, "पण असं विकल्या जात नाई. नियमानं बनव."

मी नियमानं बनवाले बसली. 'फायनल खरं' उघडली तं त्यातली ताई ठीक होती, पाय नाई, दरवाज्यातून अख्खी चालत येते, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या उंचीवर. साचा नाई वापरला, हातानं जोडलं. पण जिजाजीचं होईना. दूल्ह्याच्या साच्यात ते हात बांधून दूर पाहतात, ढोल, आभाळ, धूळ. सगळं बरोबर. अन् ते मले सापडूनच नाई राह्यले. कितीतरी नवरदेव मी त्याच आभाळाखाली उभे केले होते, हा त्यातलाच एक. त्या उंच दिसणाऱ्या छातीच्या मागं वांग्याची अळी विचारणारा माणूस कुठं गेला, ते मी रिवाइंड करकरून पाहत होती. आधी मले वाटाचं साचा फक्त नवरीवर अन्याय करते. तं नाई. तिले तुकडे करते अन् त्याले पुतळा करते. पुतळ्याले कोणी प्रेमानं पाहात नाई, फक्त वर पाहतात.

चौथ्या दिवशी मी हिंगणीले ताईकडे होती, तवा तिच्या फोनवर सासूबाईचा फोन आला. ताईचा चेहरा उतरला. स्पीकर लावला. त्या म्हणे, "तुह्या बहिणीले दे." मी घाबरतच म्हटलं, "हो मावशी."

"ते उलटं झालेलं आहे ना तुह्याकडे अजून?"

"मी काढून टाकते मावशी."

"काढू नको ना बापा. त्यात ते कपाळ पुसते, अन् मंग हसते, तेवढं माह्या मोबाईलात टाकून दे. याच्या बाबाले नको सांगजो." मंग म्हणे, "लहान होता तवा न्हाऊ घालताना इतक्या जवळून पाह्यलं होतं. मंग पोट्टे मोठे होतात, कोण पाहते त्याइच्याकडे."

ताईनं फोन ठेवला अन् मेथी निवडाले बसली. त्यातली चांगली पानं बी फेकून राह्यली होती.

आठव्या दिवशी जिजाजी हिंगणीले आले. व्हिडिओ न्याले. सोबत पेढ्याचा डब्बा अन् ओठावर मिशी. आठ दिवसाची, जेमतेम, पण पिळाचा प्रयत्न चालू. मामीनं "या, बसा" म्हटलं अन् आत जाऊन तोंडाले पदर लावला. ताई म्हणे, "हे काय उगवलं?"

"राहू दे. गावात सगळे 'दुल्हन रानी' म्हणून आवाज देऊन राह्यले. दुकानात गिऱ्हाईक बी म्हणते, रानी, युरिया द्या."

"मंग मिशीनं थांबले का?"

"नाई. आता मिशीवाली रानी म्हणतात."

ताई हसली, अन् हसताना तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण ती आठ दिवस याच्यातच होती. तिनं मले एक दिवस सांगतलं होतं, "त्याइनं मले परत नेलं, पण मनातून राग राह्यला, तं मी काय करू? लोकं कशानं बी बिघडतात." म्हणून मी भीत भीतच लॅपटॉप उघडला.

आम्ही तिघं ओट्यावर बसलो. दुपारचं ऊन. मी नवीन लावला, नियमाचा. ढोल वाजले, जिजाजी छातीपासून आले, आभाळाखाली उंच उभे राह्यले, चालत आले, मित्र नाचले. जिजाजी पाहत होते. संपला. म्हणे, "चांगला आहे. बाबाले आवडीन."

मंग मिशीवरून बोट फिरवलं अन् माह्याकडे न पाहता विचारलं, "ते पहिल्यातलं, मी खरंच तसा दिसतो का?"

मी म्हटलं, "कॅमेरा जवळ ठेवला, स्पीड कमी केला, वरून धुकं टाकलं की कोणीही..."

ताई मधातच बोलली. हातात मेथी, नजर मेथीवर. म्हणे, "मले तं तुम्ही तसेच दिसता."

जिजाजी कानापर्यंत लाल झाले. मले समजलं मी उठाले पाहिजे, पण लॅपटॉप माह्या मांडीवर होता अन् मी बी हलू शकत नव्हती. मंग ते हळूच म्हणे, "अजून एकदा लाव तं. पहिला."

लावला. पैंजण वाजलं. जिजाजीनं स्वतःले पाह्यलं, पूर्ण, लाजत लाजत, अन् ताईनं बी पाह्यलं, ती अजिबात नाई लाजली. ढोल वाजून ताई आली तवा जिजाजी म्हणे, "तू मात्र एकदम कलेक्टर."

तं दोन पेनड्राइव्ह गेले रोहण्याले. नियमाचा सासऱ्याइच्या हातात दिला, त्याइनं परत सगळ्याइले बोलावलं, पाह्यला अन् म्हटलं, "हं, आता झालं लग्नासारखं." दुसरा ताईच्या पेटीत आहे, साड्याखाली. तिथच्या काकू दुपारी सासरे वावरात गेले की विचारतात, "ते दुसरं लाव ना वो." अन् सासूबाई दरवाजा लोटून घेतात. ताई आता त्या घरात पाणी न विचारता पिते, हे तिनंच सांगतलं. जिजाजीले गावात अजूनही एखादा रानी म्हणते, तं ते म्हणतात, "आहेच. तुह्या बायकोले विचार, तुले कधी कोणी असं पाह्यलं का?" मंग समोरचा आपल्या वाटेनं लागते, म्हणतात जिजाजी. मले तं हे ऐकून इतकं हसू आलं की मी स्टुडिओत खुर्चीवरून पडता पडता राह्यली.

मी आता प्रत्येक जोडप्याचे मधल्या वेळातले क्लिपा वेगळे ठेवते. कोणी मागत नाई. पण नवरीले हळूच विचारते, तुम्हाले याइच्यातलं काय आवडते? पहिल्यांदा सगळ्या हसून खाली पाहतात. मंग कोणी सांगते हात, कोणी सांगते चालताना चप्पल घासतात ते, एक म्हणे शिंकतात तवा. मंग मी ते जवळून घेते, हळू करते, अन् नवरदेव पाहून विचारतात, हे काऊन टाकलं?

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ काढून पाहा अन् खरं सांगा. तुम्ही ज्याच्यावर जीव लावला, तो माणूस त्यात तुम्हाले कधी सापडला का? का तुमच्यासोबत बी असं झालं, की चुकून घेतलेल्या एखाद्या क्लिपेतच तो एकदाचा दिसला?